सभासदांची वर्गणी, नेत्यांची चैन : एनआरएच्या खटल्यातून नेमके कोण सुटले?

अनुष्टुभ (धागालेखक) :

अमेरिकेतील बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशन या संघटनेचे, म्हणजे एनआरएचे, नाव निघाले की चर्चा लगेच बंदुका असाव्यात की नसाव्यात या वळणावर जाते, आणि त्या गदारोळात या संस्थेच्या नेत्यांवर न्यूयॉर्कमध्ये चाललेल्या खटल्याचा खरा विषय हरवून जातो. तो विषय आपल्याकडच्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाला कळेल इतका साधा आहे : लोकांच्या वर्गणीवर राखणदार म्हणून बसवलेल्या माणसांनी ती वर्गणी स्वतःवर उधळली का? २३ फेब्रुवारी २०२४ रोजी मॅनहॅटनमधील सहा जणांच्या ज्यूरीने याचे उत्तर ‘होय’ असे दिले. १९९१ पासून तीन दशकांहून अधिक काळ संस्थेचे सर्वेसर्वा राहिलेल्या वेन लापिएर यांच्यामुळे संस्थेचे ५४ लाख डॉलरचे नुकसान झाले असे ठरले. त्यातले दहा लाखांहून थोडे अधिक त्यांनी आधीच परत केलेले असल्यामुळे उरलेले ४३ लाख ५० हजार डॉलर भरण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. माजी खजिनदार विल्सन फिलिप्स यांच्या वाट्याला २० लाख डॉलर आले. संस्थेचे तत्कालीन सचिव आणि कायदा सल्लागार जॉन फ्रेझर यांनी कर्तव्यात कसूर केल्याचे ठरले, पण त्यांना काही भरावे लागले नाही. चौथे प्रतिवादी जोशुआ पॉवेल यांनी सुनावणीच्या तोंडावरच एक लाख डॉलर देऊन तडजोड केली होती.

न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य कायदा अधिकारी, लेटिशिया जेम्स यांनी ६ ऑगस्ट २०२० रोजी दाखल केलेल्या तक्रारीत तीन वर्षांत ६ कोटी ४० लाख डॉलरच्या नुकसानीचा उल्लेख होता आणि ज्यूरीने मान्य केलेली रक्कम त्याहून फारच लहान आहे, हे मीच आधी सांगून टाकतो. नाहीतर पहिल्याच प्रतिसादात ते कोणीतरी सांगणार. मला आकड्यापेक्षा पद्धत अधिक बोलकी वाटते. ओक्लाहोमा सिटीची ॲकरमन मॅक्वीन ही जाहिरात कंपनी कित्येक दशके एनआरएची प्रसिद्धी सांभाळत होती. नेत्यांचा काही खर्च आधी या कंपनीने करायचा आणि मग तपशील न देता ठोक रकमेच्या बिलात तो एनआरएकडून वसूल करायचा, अशी वहिवाट पडली होती. त्यामुळे संस्थेच्या वहीत दिसे ती ‘प्रसिद्धी’, आणि प्रत्यक्षात ते कोणाचे तरी जेवण किंवा विमानाचे तिकीट असे. बेव्हर्ली हिल्समधील झेन्याच्या दुकानातून लापिएर यांच्यासाठी घेतलेले सुमारे पावणेतीन लाख डॉलरचे सूट जगासमोर आले तेसुद्धा कोणा लेखापरीक्षकाच्या दक्षतेमुळे नव्हे. २०१९ मध्ये या कंपनीचे आणि एनआरएचे बिनसले, एनआरएने कंपनीवर दावा लावला, आणि चिडलेल्या कंपनीने लापिएर यांनाच त्या कपड्यांचे कागद मागणारे पत्र लिहिले. भागीदारांत भांडण झाले म्हणून घरातली गोष्ट वेशीवर आली.

याशिवाय खासगी विमानाने बहामाच्या किमान आठ फेऱ्या, ज्यांचा खर्च तक्रारीनुसार पाच लाख डॉलरहून अधिक होता. आणि पद सोडल्यानंतरही मानधन मिळत राहावे म्हणून संचालक मंडळाच्या मंजुरीविना केलेला, तक्रारीत १ कोटी ७० लाख डॉलर मूल्य लावलेला करार.

आता माझे मत. खटला भरणे योग्य होते. संस्थाच विसर्जित करा, ही मूळ तक्रारीतली मागणी अयोग्य होती, आणि न्यायाधीश जोएल कोहेन यांनी मार्च २०२२ मध्ये ती फेटाळली तेव्हा त्यांनी सभासदांवर उपकारच केले. अन्यथा तो चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार झाला असता. त्याच निकालपत्रात त्यांनी आरोपांचे वर्णन लोभ, स्वार्थी व्यवहार आणि ढिली देखरेख यांची विषण्ण करणारी कहाणी असे केले होते, म्हणजे त्यांना प्रकरण हलके वाटत नव्हते. माझी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. २९ जुलै २०२४ रोजी त्यांनी लापिएर यांना एनआरएमध्ये पगारी पद घेण्यास दहा वर्षांची बंदी केली, पण संस्थेवर स्वतंत्र देखरेख अधिकारी नेमायला नकार दिला. ज्या ७६ जणांच्या संचालक मंडळाच्या नाकाखाली हे सारे वर्षानुवर्षे चालले, ते मंडळ अशा रीतीने अंगाला माती न लागता आखाड्याबाहेर पडले. या खटल्यातले सर्वांत मोठे अपयश मला तेच वाटते, आणि त्यावर विरोधी मते ऐकायची इच्छा आहे.

उलटतपासणी :

आपण विरोधी मत मागितले आहे, म्हणून वकिली व्यवसायातला माणूस या नात्याने स्पष्ट लिहितो. ज्यूरीच्या निष्कर्षांबद्दल माझे काही म्हणणे नाही. सहा आठवड्यांची सुनावणी झाली, साक्षीपुरावे तपासले गेले, निष्कर्ष आला. माझा आक्षेप हा खटला कोणी आणि कोणत्या मनःस्थितीत उभा केला याला आहे. लेटिशिया जेम्स यांनी २०१८ मध्ये ॲटर्नी जनरलपदाची निवडणूक लढवताना एनआरएला ‘दहशतवादी संघटना’ म्हटले होते आणि तिच्या धर्मादाय दर्जाची चौकशी करण्याचे आश्वासन मतदारांना दिले होते. म्हणजे आरोपी आधी ठरला, आरोप मागाहून सापडले. हे आरोप खरे निघाले, एवढ्याने ती पद्धत शुद्ध ठरत नाही. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने विशिष्ट घर हेरून झडती घेतली आणि तिथे चोरीचा माल मिळालाही, तरी ते घर का हेरले हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नागरिकांना उरतोच.

आणि विसर्जनाची मागणी ही काही कारकुनी चूक नव्हती. चार अधिकाऱ्यांनी पैसे खाल्ले म्हणून १८७१ साली स्थापन झालेली, लाखो सभासदांची संस्था मोडून काढावी, असे तक्रारीत विचारपूर्वक लिहिले होते. फिर्यादीचा हेतू तिथेच उघडा पडतो. आपण त्याला ‘अयोग्य’ म्हणून एका वाक्यात निकालात काढलेत; मला तो सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो.

जमाखर्च :

पुण्यात सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे माझी नजर हेतूपेक्षा पावतीकडे आधी जाते. उलटतपासणी यांचे घर हेरण्याचे उदाहरण इथे लागू पडत नाही, कारण हे घर खासगी नव्हतेच. एनआरएचे मुख्यालय व्हर्जिनियात असले, तरी तिची नोंदणी न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याखाली आहे, आणि तिथे नोंदलेल्या ना-नफा संस्थांवर लक्ष ठेवणे हे ॲटर्नी जनरलचे कामच आहे. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्तांकडे हिशेब मागतात आणि गैरव्यवहार दिसल्यास कलम ४१ ड खाली त्यांना निलंबित किंवा दूर करू शकतात, साधारण त्याच जातीचा हा अधिकार आहे. फरक एवढाच की आपले आयुक्त नेमलेले असतात आणि त्यांचा ॲटर्नी जनरल निवडून येतो. हा फरक लहान नाही, हे मान्य. पण निवडून आलेल्या माणसाने प्रचारात वाईट शब्द वापरले म्हणून वहीतला खाडाखोडीचा आकडा बरोबर ठरत नाही.

धागालेखकांनी ठोक बिलाची जी पद्धत सांगितली आहे, ती मी एका न्यासात प्रत्यक्ष पाहिली आहे. न्यासाचे नाव अर्थातच लिहीत नाही. तिथे मंडप घालणाऱ्या कंत्राटदाराच्या बिलात विश्वस्ताच्या घरच्या मंगलकार्याचा खर्च घातला जाई. बिल खरे, सही खरी, रक्कम धनादेशाने दिलेली. फक्त मंडप भलत्याच अंगणात पडलेला. असे बिल कागदावर पकडणे जवळजवळ अशक्य असते, कारण मागे मूळ पावतीच नसते. ते पकडतो तो आतला कारकून. एनआरएमध्ये नेमके तेच घडले : जुलै २०१८ मध्ये लेखा विभागातल्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नोकऱ्या पणाला लावून लेखापरीक्षण समितीपुढे आपल्या प्रमुख चिंतांची यादी ठेवली. कोणाला किती पैसे कराराविना जातात, कोणत्या पुरवठादाराशी कोणाचे हितसंबंध आहेत, असे मुद्दे त्यात होते. समितीने काय केले? यांतल्या काही व्यवहारांना नंतर मागील तारखेपासून मान्यता दिली. उंदराला मांजर साक्ष, दुसरे काय. गैरव्यवहार उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देण्याचा कायदा संस्थेने मोडला आणि कर विवरणपत्रात चुकीची वा अपुरी माहिती दिली, हेही ज्यूरीने नोंदवले आहे. बातम्यांत मात्र सूट आणि विमानेच गाजली.

डॅलसकर :

मी गेली अठरा वर्षे टेक्सासमध्ये राहतो, शनिवारी सकाळी नेमबाजीच्या मैदानावर जातो, आणि तिथे शेजारच्या पट्टीवर उभे असलेले बहुतेक लोक एनआरएचे आजीव सभासद असतात. त्यांचे म्हणणे इथे कोणीच मांडत नाही, म्हणून मांडतो. ते सगळेच्या सगळे माझे आहे असे नाही.

ते म्हणतात, आम्ही वर्गणी कशासाठी दिली? हिशेब सुबक ठेवण्यासाठी नव्हे. १९९४ चा ठरावीक रायफलींवरील बंदीचा कायदा २००४ मध्ये संपला आणि पुन्हा आला नाही, बंदुका बनवणाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये झाला, राज्याराज्यांत शस्त्र बाळगण्याचे नियम सैल झाले. हे सारे ज्या काळात झाले त्या काळात संस्थेचा कारभार लापिएर यांच्या हाती होता. त्यांना रोज धमक्या येत, त्यामुळे प्रवासी विमानाने जाणे त्यांना शक्य नव्हते, असे संस्था सांगत आली आणि ते सर्वस्वी खोटे आहे असे मला वाटत नाही. एखाद्या मोठ्या खासगी कंपनीच्या प्रमुखाने यापेक्षा अधिक खर्च केला असता आणि भागधारकांनी लाभांश पाहून तो विसरलाही असता. सभासदांना हवे ते मिळाले असेल तर फसवणूक कोणाची झाली?

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. या खटल्यांच्या निमित्ताने वकिलांवर एनआरएचे कोट्यवधी डॉलर खर्च झाले. वसूल व्हायचे ते ६३ लाख ५० हजार, आणि ते वसूल होईपर्यंत जे गेले ते त्याच्या कितीतरी पट. सभासदाच्या खिशाचा विचार करायचा असेल तर हाही हिशेब मांडा.

निर्मोही :

डॅलसकर यांनी परक्याचे मत प्रामाणिकपणे मांडले आहे, म्हणून उत्तर त्या मताला देतो, त्यांना नव्हे.

खासगी कंपनीचा प्रमुख आणि सभासदांच्या संस्थेचा प्रमुख यांची तुलना पहिल्याच पायरीवर अडते. भागधारकाला न पटल्यास तो समभाग विकून टाकू शकतो. आजीव सभासदाने एकदा दिलेले पैसे परत मिळत नाहीत. आणि ‘हवे ते मिळाले’ असे म्हणताना सभासदाला काय सांगितले गेले होते तेही पाहावे लागेल. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक येथील शाळेत वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेल्यानंतर लापिएर यांनी पत्रकारांसमोर येऊन सांगितले की बंदूकधारी दुर्जनाला थांबवू शकतो तो केवळ बंदूकधारी सज्जन. हे सांगणारा माणूस त्यानंतर स्वतः कोठे सुरक्षित राहिला? २०२१ मध्ये शपथेवर दिलेल्या साक्षीत त्यांनी सांगितले की धमक्यांच्या त्या काळात त्यांनी बहामात एका प्रशस्त नौकेवर आसरा घेतला, आणि तिथे पोहोचल्यावर आता आपल्याला कोणी गाठू शकत नाही असे वाटून त्यांना हायसे झाले. ती नौका एनआरएकडून कंत्राटे घेणाऱ्या एका व्यावसायिकाची होती, आणि हितसंबंध जाहीर करण्याच्या अर्जात लापिएर यांनी तिचा उल्लेखच केलेला नव्हता. शाळेने दारात सशस्त्र पहारेकरी ठेवावा, सभासदाने उशाशी पिस्तूल ठेवावे, आणि नेत्याने कंत्राटदाराच्या बोटीवर जावे, अशी ही वाटणी होती. धमक्या खऱ्या असतील, नव्हे असणारच; पण सुरक्षेसाठी बोट हवी होती तर मंडळापुढे ठराव मांडून भाड्याने घ्यायची. लपवली कशाला?

वकिलांच्या खर्चाचेही तसेच. तो वाढला याचे एक मोठे कारण दिवाळखोरीचे नाटक हे होते. १५ जानेवारी २०२१ रोजी एनआरएने डॅलसच्या न्यायालयात दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला आणि त्याच वेळी आपली आर्थिक स्थिती कित्येक वर्षांत नव्हती इतकी भक्कम असल्याचेही जाहीर केले. न्यूयॉर्कची नोंदणी सोडून टेक्सासमध्ये जाण्याचा बेत होता. बहुसंख्य संचालकांना, खुद्द मुख्य वित्त अधिकाऱ्यांना आणि कायदा सल्लागारांना या अर्जाची कल्पनाच दिली गेली नव्हती. ११ मे २०२१ रोजी न्यायाधीश हार्लिन हेल यांनी अर्ज सद्हेतूने केलेला नाही असे म्हणून तो फेटाळला. ते न्यायालय न्यूयॉर्कचे नव्हते, टेक्सासमधले होते, तेव्हा राजकीय सूडाचा मुद्दा निदान इथे तरी बाजूला राहावा.

खडूस :

लापिएर यांचा जन्म १९४९ चा. जुलै २०२४ मध्ये ७४ वर्षांच्या गृहस्थांना एनआरएमध्ये दहा वर्षे पगारी नोकरी करण्यास मनाई झाली. सुनावणी सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, ५ जानेवारी २०२४ रोजी, प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी राजीनामा जाहीर केलेलाच होता. या शिक्षेला निवृत्तीचे प्रमाणपत्र म्हणावे की काय, एवढीच शंका आहे.

उलटतपासणी :

जमाखर्च यांनी अधिकारक्षेत्राबद्दल जे लिहिले ते बरोबर आहे. अधिकार होता याविषयी माझा वाद नाही. तोच अधिकार उद्या कोणाच्या हातात असेल, हा माझा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे एनआरएचा निकाल लागला त्याच महिन्यात, टेक्सासचे ॲटर्नी जनरल केन पॅक्सटन यांनी एल पासो येथील ॲनन्सिएशन हाउस या स्थलांतरितांना निवारा देणाऱ्या कॅथलिक संस्थेची नोंदणी रद्द करण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. पक्ष उलटा, संस्था उलटी, हत्यार मात्र तेच : संस्थांच्या नोंदणीवरचा राज्याचा ताबा. न्यूयॉर्कमधल्या ज्या लोकांनी एनआरएच्या विसर्जनाच्या मागणीवर टाळ्या वाजवल्या, त्यांना एल पासोची बातमी वाचून धक्का का बसावा, हे मला कळलेले नाही.

म्हणूनच देखरेख अधिकारी न नेमण्याचा कोहेन यांचा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. एनआरए ही काही रुग्णालय चालवणारी संस्था नव्हे, ती मते मांडणारी आणि निवडणुकांत उतरणारी संस्था आहे. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूने तिने सुमारे ३ कोटी डॉलर खर्च केले. अशा संस्थेच्या तिजोरीपाशी सरकारच्या मागणीवरून नेमलेला माणूस बसवला, तर तिने कोणाविरुद्ध किती जाहिराती कराव्यात यावरही त्याची सावली पडणारच. न्यूयॉर्कचे सरकार या बाबतीत सोवळे नव्हते, याला पुरावा आहे. राज्याच्या वित्तीय सेवा विभागाच्या तत्कालीन प्रमुख मारिया वुलो यांनी विमा कंपन्यांवर एनआरएशी संबंध तोडण्यासाठी दबाव आणला, या दाव्यात ३० मे २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनआरएच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचे, आणि एनआरएचे वकीलपत्र घेतले होते नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने. बंदुकीच्या प्रश्नावर एनआरएच्या विरुद्ध असणाऱ्या माणसांनाही इथे धोका दिसला होता.

अनुष्टुभ (धागालेखक) :

उलटतपासणी यांचा एक मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. जेम्स यांचे २०१८ चे विधान हे त्यांच्या पदाला न शोभणारे होते, आणि त्याची किंमत खटल्याला मोजावी लागली. आजही कोणाला लापिएर यांच्याबद्दल बोलायचे नसेल तर तो जेम्स यांच्याबद्दल बोलू शकतो, हीच ती किंमत. वुलो प्रकरणात न्यायालयाने ‘एनआरएचे आरोप खरे मानले तर’ दावा टिकतो असे म्हटले होते, आरोप सिद्ध झाले असे नव्हे, एवढी दुरुस्ती मात्र नोंदवतो.

पण विसर्जन म्हणजे केवळ एनआरएसाठी शोधून काढलेले शस्त्र होते, हे चूक आहे. ॲटर्नी जनरलच्या त्याच कार्यालयाने त्याआधी ट्रम्प फाउंडेशन या धर्मादाय संस्थेवर दावा केला होता, डिसेंबर २०१८ मध्ये ते फाउंडेशन विसर्जित करण्याचे मान्य झाले आणि पुढच्या वर्षी ट्रम्प यांना २० लाख डॉलर भरण्याचा आदेश झाला. तुम्ही म्हणाल, तेही राजकीयच. असेल; पण ते फाउंडेशन एका कुटुंबाची पेटी होती आणि तिच्यामागे वर्गणी देणारा सभासद उभा नव्हता. एनआरएमागे तो होता, आणि कोहेन यांनी विसर्जन नाकारताना हाच भेद ओळखला असे मी समजतो. पॅक्सटन यांच्या दाव्यात तर कोणी स्वतःच्या खिशात पैसे घातल्याचा मुद्दाच नव्हता. तिथे संस्थेचे कामच सरकारला खुपत होते. हत्यार एक असले तरी कापले काय जात आहे हे पाहिले पाहिजे.

देखरेखीबद्दल माझे मत बदललेले नाही. सभासदाला विचारा, त्याच्या पैशांपाशी कोणी बसावे : न्यायालयाला उत्तरदायी असणारा, केवळ खर्चाच्या नियमांपुरता आणि ठरावीक मुदतीपुरता नेमलेला हिशेबनीस, की २०१८ मध्ये कर्मचाऱ्यांची यादी हातात पडूनही स्वस्थ बसलेली माणसे? ऑलिव्हर नॉर्थ संस्थेचे अध्यक्ष असताना त्यांनी वकिलांच्या प्रचंड बिलांची तपासणी मागितली. एप्रिल २०१९ मध्ये इंडियानापोलिसच्या वार्षिक अधिवेशनात त्यांनाच पायउतार व्हावे लागले, आणि लापिएर यांची फेरनिवड बिनविरोध झाली. नॉर्थ हे काही धुतल्या तांदळासारखे नव्हते, तेही त्याच जाहिरात कंपनीकडून गलेलठ्ठ मानधन घेत होते. तरी प्रश्न रास्त होता, आणि प्रश्न विचारणारा गेला.

जमाखर्च :

इथे मला धागालेखकांशी थोडे असहमत व्हावे लागेल. संचालक सुटले याचे दुःख मलाही आहे, पण ७६ जणांच्या मंडळात दोष कोणावर निश्चित करणार? इतके मोठे मंडळ ठेवण्यामागे बहुधा तोच हेतू असतो. वर्षातून मोजक्या बैठका, त्यात अहवाल वाचून दाखवायचा, टाळ्या व्हायच्या, निर्णय मात्र चार माणसांच्या समितीने आधीच घेतलेला असायचा. सगळे जबाबदार म्हणजे कोणीच जबाबदार नाही. विनामानधन काम करणाऱ्या संचालकाला व्यक्तिगत दंड लावायला कायदा सहसा कचरतो, आपल्याकडेही आणि तिथेही, कारण तसे केले तर चांगली माणसे विश्वस्त व्हायलाच तयार होणार नाहीत. देखरेख अधिकारी आला असता तरी तो पावत्या तपासून गेला असता. मंडळाची घडण तीच राहिली असती. कोहेन यांनीही मंडळ आटोपशीर करण्याचा आणि निवडणुकीला उभे राहण्याची वाट सोपी करण्याचा विचार बोलून दाखवला, तो मला देखरेखीपेक्षा मुळाशी जाणारा वाटतो.

डॅलसकर यांच्या खर्चाच्या मुद्द्याबद्दल एक : ज्यूरीने ठरवलेली रक्कम सरकारजमा होत नाही, ती एनआरएलाच परत मिळते. संस्थेनेही निकालानंतर आपण काही माजी पुरवठादार आणि आतल्या माणसांच्या फसवणुकीला बळी पडलो असा पवित्रा घेतला. वर्षानुवर्षे ज्यांचा बचाव केला त्यांच्याकडूनच भरपाई घ्यायची, हा हिशेब मी वीस वर्षांत कोठे पाहिलेला नाही.

डॅलसकर :

निर्मोही यांनी लिहिलेले बोटीबद्दलचे वाक्य मी काल मैदानावर एका ओळखीच्या आजीव सभासदाला इंग्रजीत सांगितले. तो बराच वेळ बंदूक पुसत राहिला आणि मग म्हणाला की बोटीबद्दल त्याला माहीत होते, पण ‘त्या लोकांच्या’ तोंडून ऐकायचे नव्हते. ते लोक म्हणजे न्यूयॉर्कवाले. माझा मूळ मुद्दा काय होता ते यातून मला स्वतःला अधिक स्पष्ट झाले : सभासद फसले नाहीत असे मला म्हणायचे नव्हते, फसवणूक दाखवणारा माणूस शत्रूपक्षाचा असल्यामुळे ते ती पाहायला तयार नव्हते.

म्हणून धागालेखकांची सरकारी हिशेबनिसाची कल्पना मला चालणार नाही. तो कितीही सज्जन असला तरी सभासदांच्या लेखी तो जेम्स यांचा माणूस ठरला असता, आणि लापिएर यांना पुन्हा हुतात्मा होता आले असते. त्याऐवजी जे घडले ते पाहा. संचालकांच्या निवडणुकीच्या मतपत्रिका तेव्हा संस्थेच्या मासिकातून घरी येत. मतदानाचा हक्क आजीव सभासदांना आणि सलग पाच वर्षे वर्गणी भरणाऱ्यांना असे, आणि बहुतेक जण ते पान न फाडताच मासिक रद्दीत टाकत. २०२४ मध्ये मात्र जुन्या कारभाराला उघड विरोध करणारे चार उमेदवार निवडून आले. त्यात कॅन्ससचे न्यायाधीश फिलिप जर्नी होते, ज्यांनी २०२१ मध्ये संचालक असतानाच दिवाळखोरीच्या अर्जाविरुद्ध न्यायालयात भूमिका घेतली होती. त्याच वर्षी मे महिन्यात लापिएर यांच्या जागी डग हॅमलिन आले.

निर्मोही :

चार, ७६ पैकी. आणि तेही ज्यूरीने निकाल दिल्यानंतरच्या वसंतात. खटला नसता तर ती मतपत्रिका त्या वर्षीही रद्दीतच गेली असती, हे तुमचा तो बंदूक पुसणारा मित्र मान्य करील का, एवढे पुढच्या शनिवारी विचारून इथे लिहा.

डॅलसकर :

विचारतो. त्याने त्या वर्षी मत दिले होते का, हेही विचारतो; ते विचारायचे काल सुचले नाही.